कानानं वाचायला शिकवणाऱ्या मिल्काबाई

मिल्काबाईंच्या घरात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'सोपं'. 'अगं, सोपं तर आहे' असं कुणी म्हटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि अजिबात आवाज न चढवता सांगायच्या, "ज्याला येतं त्याला सगळंच सोपं असतं. ज्याला येत नाही त्याच्यासमोर ते बोलून दाखवायचं नाही." हे त्या मुलांना सांगायच्या आणि मुलांच्या आईबापांनाही. मला तर त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. तेव्हा मला पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती.

नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्या तळमजल्यावर. कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबातल्या. बालपण पेणकडचं, पण सगळी नोकरी मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. लोक ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायचे त्या काळापासूनच्या त्या ऑपरेटर. लग्न केलं नव्हतं. नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, या मात्र निवृत्तीनंतर पनवेलला येऊन राहिल्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, इथली भाजी मला कळते.

भाजीवाल्याशी त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. त्याने जे सांगितलं ते त्या पुन्हा म्हणून दाखवायच्या. "भेंडी अर्धा किलो, मिरची पाव, कोथिंबीर एक. बरोबर?" तो "बरोबर" म्हणाला की मगच पिशवी पुढे व्हायची. एक्स्चेंजची ही सवय सुटली नव्हती. माणसाचं बोलणं आपल्याला नीट पोचलं की नाही, याची खात्री केल्याशिवाय त्या उत्तर द्यायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी भांडणं अवघड व्हायचं. आपण तावातावाने काहीतरी बोलावं आणि त्यांनी तेच संथपणे परत म्हणावं, "म्हणजे तू म्हणतेस की..." आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून असं निवांत ऐकलं की त्यातलं खोटं आपल्यालाच ऐकू यायचं.

माझ्याबाबतीत तेच झालं.

माझ्या मुलीचं नाव ऋजुता. मराठीची शिक्षिका असल्याच्या हौसेने मी ठेवलेलं. ती पाचवीत असताना मला कळलं की तिला वाचता येत नाही. तोवर कळलं नव्हतं, कारण ती धडे पाठ करत होती. वर्गात दुसरी मुलं वाचायची, ती ऐकायची आणि घरी पुस्तक समोर धरून माझ्यापुढे घडाघडा म्हणून दाखवायची. एके दिवशी तिने धडा 'वाचून' संपवला आणि माझ्या लक्षात आलं की पान दुसऱ्याच धड्याचं उघडलेलं आहे. मी तिला एक थप्पड मारली. शाळेतल्या एकाही मुलाला मी आजवर हात लावला नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, औषधं झाली. एका सकाळी ती दप्तर घेऊन खाली उतरली ती तळमजल्याच्या पायरीवर बसूनच राहिली. मिल्काबाईंनी दार उघडलं, तिला आत घेतलं, चहा-बिस्किट दिलं आणि शाळेत काय झालं असं न विचारता तिला एक गोष्ट सांगायला लावली. ती त्यांनी तिच्याच शब्दांत परत म्हणून दाखवली. मी अर्ध्या तासाने शोधत खाली आले तेव्हा ऋजुता त्यांची चूक काढत होती, तुम्ही मधला कोल्हा विसरलात म्हणून.

मी दारातच सगळं बोलून टाकलं. लक्ष देत नाही, कंटाळा करते, ऋजुता हे नावसुद्धा चार वेळा लिहिलं तर चार प्रकारे लिहिते. आणि शेवटी, सोपं तर आहे हो सगळं. त्याचं उत्तर मला मिळालं, ते वर सांगितलंच आहे. मग त्यांनी माझं म्हणणं परत म्हणायला सुरुवात केली. "म्हणजे तू म्हणतेस, अख्खं पुस्तक ऐकून पाठ करण्याइतकी मेहनत ही मुलगी करते, आणि ती कंटाळा करते. बरोबर?"

मग त्या ऋजुताकडे वळून म्हणाल्या, "नाव ठेवताना तुला कुणी विचारलेलं दिसत नाही. मी तुला रुजू म्हणेन."

दुसऱ्या दिवसापासून रुजू शाळेनंतर त्यांच्याकडे जायला लागली. स्वयंपाकघरातली एक पितळी परात त्यांनी रवा पसरून ठेवली होती. त्यात बोटाने अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं, चुकलं की परात हलवायची. वहीतली खाडाखोड दिसते, रव्यातली दिसत नाही, म्हणून मुलीची भीती तिथे पहिल्यांदा थोडी सैल झाली. भ आणि म, घ आणि ध, ड आणि इ अशा जोड्या त्या वेगवेगळ्या दिवशी घ्यायच्या, एकत्र कधीच नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात त्यांनी एका ओळीएवढी खिडकी कापली होती. ती पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीचं पान झाकलेलं.

एकदा रुजूने विचारलं की 'कि'ची वेलांटी आधी लिहायची आणि म्हणायची मात्र नंतर, असं का. हे मी घरी ऐकलं असतं तर 'असंच असतं' म्हणून मोकळी झाले असते. मिल्काबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगितलं की प्रश्न अगदी बरोबर आहे, याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याचा घोळ होणं साहजिक आहे. मग दोघींनी ठरवलं की ऱ्हस्व वेलांटी लाल पेनने काढायची, म्हणजे डोळा तिथे थांबेल आणि आधी पुढचं अक्षर बघून घेईल. त्या लाल वेलांट्या आमच्या घरातल्या वह्यांमध्ये आठवीपर्यंत होत्या.

पण त्यांचं मुख्य हत्यार होतं मोबाइल. इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळे धडे त्या स्वतःच्या आवाजात फोनवर नोंदवून ठेवायच्या. आवाज असा की एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. रुजूने कानाला हेडफोन लावायचा, ऐकता ऐकता ओळीवर बोट सरकवायचं. त्याला त्या 'कानानं वाचणं' म्हणायच्या.

मला ते पटत नव्हतं. फोननेच वाचून दाखवलं तर ही मुलगी स्वतः वाचायला कधी शिकणार, असं मी एकदा जरा जोरातच विचारलं.

"शिकेल तेव्हा शिकेल," त्या म्हणाल्या. "रव्यातली अक्षरं काय मी गंमत म्हणून काढून घेते? पण तोवर तिचा इतिहास कशाला थांबवायचा?"

मग त्यांनी मला बसवलं आणि भावाची गोष्ट सांगितली. एली त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. शाळेत रोज मार खायचा, वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. घरचे त्याला टवाळखोर म्हणायचे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो एका गॅरेजमध्ये लागला आणि पुढे मामाबरोबर इस्रायलला गेला. तिथून त्याचं कधी पत्र आलं नाही. वर्षातून एकदा सणाला फोन, तोही दोन मिनिटांचा. आई रोज पोस्टमनची वाट बघत गेली. मिल्काबाईंनी भावावर राग धरला तो तीस वर्षं.

त्या निवृत्त झाल्यावर भाचीने त्यांना नवीन फोन घेऊन दिला, आणि एका दुपारी त्यावर एलीचा निरोप आला. लिहिलेला नव्हे, बोललेला. अकरा मिनिटांचा. मिल्के, मला वाचता येत नाही, लिहिताही येत नाही, आजवर कुणाला सांगितलं नाही, पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटली. आता या फोनमध्ये नुसतं बोलता येतं असं नातवाने दाखवलं, म्हणून बोलतोय. मिल्काबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तो निरोप दोनदा ऐकत राहिल्या.

"जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले," त्या मला म्हणाल्या, "आणि घरातला तेवढा लागला नाही."

त्यानंतर मी त्या फोनविषयी तक्रार केली नाही.

पुढे त्यांचा घसा बसायला लागला. तेव्हा छापील पानाचा फोटो काढला की ते वाचून दाखवणारं एक अॅप त्यांनी शोधून काढलं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे कौतुकाने ऐकायला बसलो. मराठी होती, पण कुणी दिल्लीहून कालच आल्यासारखी. चाकाच्या शोधाचा धडा होता. फोनमधली बाई 'चाक'ऐवजी 'च्याक' म्हणाली. झाडाचं तिने 'झ्याड' केलं. एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं उच्चार सांभाळलेल्या मिल्काबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या फोन बंद करणार एवढ्यात रुजू फोनवर वाकून म्हणाली, "च्याक नाही गं, चाक. चाक म्हण."

आणि ती हसायला लागली. पाच वर्षं जिच्या प्रत्येक वाक्यात कुणीतरी चूक काढत आलं होतं, तिला पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची तरी चूक सापडली होती. मिल्काबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. फोन बंद करायचं राहिलं आणि तोच खेळ झाला. फोन वाचणार, मुलीने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ऐकायचं आणि जिथे तो चुकेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. चूक पकडायची तर अक्षराकडे बघावंच लागतं. महिन्याभरात रुजू खुणा करता करता स्वतःच पुढची ओळ वाचायला लागली, अडखळत, पण पाठ केलेली नव्हे. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. आत गेले असते तर ती थांबली असती.

चुकांची ती यादी मिल्काबाईंनी अॅपवाल्यांना ईमेलने पाठवली, तीही टाइप न करता बोलून. उत्तर काही आलं नाही. त्या दर महिन्याला नवी यादी पाठवत राहिल्या.

याच सुमारास त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि तो मला अजून सोडत नाही. तुझ्या वर्गात अशी किती मुलं असतील? मी म्हणाले, एकही नाही. पण रात्रभर मी एकेक नाव आठवत राहिले. मी ज्यांच्या वह्यांवर 'अक्षर सुधारा' लिहिलं होतं ती, 'लक्ष नाही' लिहिलं होतं ती, वाचायला उठवलं की पाणी प्यायला जायची परवानगी मागायची ती.

त्यातली एक होती वैष्णवी. कोन गावाहून यायची, वडील टेम्पो चालवायचे. आठवीत होती, आणि पुढच्या वर्षी तिला शाळेतून काढणार असा घरून निरोप आला होता. मी तिला मिल्काबाईंकडे नेलं. वैष्णवी बोलायला चटपटीत, पण लिहायची वेळ आली की बोटं आखडायची. म्हणून मिल्काबाईंनी तिला बोलून लिहिण्याची सोय दाखवली, आपण बोलायचं आणि फोन लिहून काढतो ती. फोनने तिचं एक वाक्य धड लिहिलं नाही. तिने दोनदा प्रयत्न केला आणि फोन ठेवून दिला.

"आमी बोलतो तां त्याला कलत नाय," ती म्हणाली. "माजंच चुकतं."

"तुझं कसं चुकेल? भाषा तुझी आहे," मिल्काबाई म्हणाल्या. "ती त्याला येत नाही, तर शिकेल तो सावकाश. तोवर मी आहे."

मग फोनला त्यांनी वेगळ्या कामाला लावलं. वैष्णवीने निबंध तिच्या बोलीत बोलायचा, फोनने तो फक्त नोंदवून ठेवायचा. मग ती तोच ऐकायची, एकेक वाक्य थांबवत, आणि ते पुस्तकी भाषेत कसं म्हणायचं हे स्वतः ठरवून पुन्हा बोलायची. आता फोनला कळायचं आणि तो लिहायचा. त्या लिहिलेल्यावरून ती वहीत उतरवायची. मी इतक्या वर्षांत शिकवले नव्हते इतके निबंध तिने त्या वर्षी लिहिले, आणि त्यात खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांपासून आजीच्या भांडणापर्यंत काय काय होतं. तिच्या वडिलांना मिल्काबाईंनी एकदा बोलावून तिच्या आवाजातला एक निबंध ऐकवला. ते बराच वेळ मान खाली घालून ऐकत होते. शाळेतून काढायची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा मात्र मिल्काबाईंकडे फोन नसायचा. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की सगळी यंत्रं बंद करून त्या एका डब्यात ठेवायच्या. वैष्णवीमागोमाग आणखीही मुलं त्यांच्याकडे यायला लागली होती, ती शनिवारीही यायचीच. मग नुसत्या गप्पा व्हायच्या.

दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या की आपल्या शाळेत अशी मुलं नाहीत. खरं तर मलाही प्रमाणपत्र नकोच होतं. मुलीवर शिक्का बसेल अशी भीती. मिल्काबाईंनी दोघींचं म्हणणं ऐकून घेतलं, परत म्हणून दाखवलं आणि तारीख घेतली. मुंबईला तीन खेपा झाल्या. रुजू आणि वैष्णवी, वैष्णवीचे वडील, मी आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतल्या मिल्काबाई. रांगेत त्या दुसऱ्या मुलांच्या आयांना फॉर्म समजावून सांगायच्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रुजूचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या की मुलीची बुद्धी उत्तम आहे, डिस्लेक्सिया आहे, आणि आजवर तिने जे केलं ते बाकीच्यांपेक्षा दुप्पट कष्टाने केलेलं आहे.

मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. दुःखाने नाही. इतकी वर्षं छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं. रुजू माझ्या शेजारी बसली, माझी पाठ थोपटत. मला त्या थपडेची माफी मागायची होती. ती मी तिथेच मागितली. ती म्हणाली, मला आठवत नाही. आठवत होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या कागदानंतर मुख्याध्यापिकांचं मतही बदललं. आठ मुलांचे अर्ज त्यांनी स्वतः भरून घेतले.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी रुजूने जाहीर केलं की मराठीच्या पेपरला तिला लेखनिक नको. मी हादरले. इतकी धडपड करून मिळवलेली सोय, आणि नेमकी याच विषयाला नको? मिल्काबाईंनी मला हाताने थांबवलं.

"म्हणजे तू म्हणतेस, लिहिणार तू स्वतः. लेखनिक नको, जादा वेळ हवा. बरोबर?"

"बरोबर."

"मग झालं."

पेपर सुटला, बाकीची मुलं बाहेर आली, त्यांचे पालक त्यांना घेऊन गेले. रस्ता मोकळा झाला. जादा वेळेचा तो तास आम्ही दोघी फाटकाजवळच्या उसाच्या गुऱ्हाळात बसून काढला. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि मिल्काबाई गुऱ्हाळवाल्याशी उसाच्या भावावर बोलत होत्या. पण त्यांच्या पेल्यातला रस तसाच होता. रुजू सगळ्यात शेवटी बाहेर आली. उजव्या हाताला निळी शाई. शब्द एकच होता, "संपवला."

मिल्काबाईंनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

मराठीत तिला एकोणपन्नास मिळाले. मी नव्वदीच्या पुढच्या गुणपत्रिका दरवर्षी बघते. एकोणपन्नासची ती एकच मी कपाटात जपून ठेवली आहे. वैष्णवी तिच्या आधीच लेखनिक घेऊन पास झाली होती आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात गेली होती. आता उरणला एका कंपनीत लागली आहे. रुजू ध्वनिमुद्रणाचं शिकते आहे. अजून ती सावकाश वाचते, लांब मजकूर कानाने. पोटात दुखत नाही.

गेल्या वर्षी एलीची बायको गेली आणि तो एकटा पडला. मिल्काबाईंनी जायचं ठरवलं. त्र्याहत्तराव्या वर्षी. आता भाऊ पत्र लिहिणार नाही, मीच जाते, म्हणाल्या. वर्ग सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत हलवला. तो आठवड्यातून तीन दिवस मी घेते. माझं बरं चाललंय की नाही ते मुलंच सांगतील, पण 'सोपं' हा शब्द तिथेही चालत नाही.

त्या निघाल्या त्या सकाळी वर्गातली नऊ मुलं दारात उभी होती. कुणाच्या गळ्यात हेडफोन, कुणाच्या हातात फूल. सामान दोन बॅगांपुरतंच. टॅक्सीवाला बेलपाड्याचा, तरुण, बॅगा ठेवता ठेवता मुलांकडे बघत होता. त्याने हा कसला क्लास म्हणून विचारलं. रुजूने सांगितलं. त्याने डिकी लावली, पण गाडीत बसेना.

"आमची पोरगी दुसरीला हाय," तो मिल्काबाईंना हळूच म्हणाला. "बोलाला लय हुशार. पन अक्षरं समोर आली का रडते. मारतात तिला शालेत."

मिल्काबाई मागच्या सीटवर बसत होत्या. त्या थांबल्या, उतरल्या आणि पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसल्या. आम्हाला वाटलं होतं की गळाभेट होईल, दोन शब्द होतील, कुणीतरी रडेल. त्यांनी काच खाली केली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "विमानतळ येईपर्यंत वेळ आहे. पहिल्यापासून सांग, सावकाश."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मुलं हात हलवत रस्त्यापर्यंत धावली. मला मागच्या काचेतून त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं, ड्रायव्हरच्या बाजूला कललेलं. कोपऱ्यावर गाडी वळली तरी त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्या ऐकत होत्या.